गुलाबी मेणबत्तीचा रविवार

आमच्या टेबलावर सुरूच्या फांद्यांचं एक कडं आहे आणि त्यात चार मेणबत्त्या. तीन जांभळ्या, एक गुलाबी. दोन जांभळ्या अर्ध्याअधिक जळून गेल्यात, एकीच्या अंगावर मेणाचे ओघळ गोठलेत. आज आगमनकाळातला तिसरा रविवार, म्हणून गुलाबीची पाळी. लहानपणी मला ती केवळ शोभेची वाटायची. तिच्यामागे केवढं काय उभं आहे हे कळायला बरीच वर्षं गेली, आणि कळलं तेव्हापासून तिची वात पेटताना दर वर्षी माझ्या अंगावर काटा येतो.

आधी जांभळ्याबद्दल. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. आज या दिवसांत खरेदी आणि फराळाची धांदल असते, पण एके काळी हे दिवस उपासाचे होते. सहाव्या शतकात, आजच्या फ्रान्समधल्या माकाँ इथे भरलेल्या धर्मसभेने ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी उपास सांगितला होता. जांभळा हा त्या संयमाचा, पश्चात्तापाचा रंग. आणि या जांभळ्या दिवसांच्या ऐन मध्यावर चर्च अचानक एक रविवार गुलाबी करून टाकतं. वेदीवर फुलं येतात, फादर गुलाबी वस्त्रं घालतात. नाताळ अजून आलेला नसतो, वाट पाहणं संपलेलं नसतं, तरीही.

या रविवाराचं नाव 'गाउदेते'. त्या दिवशीच्या लॅटिन प्रवेशगीताचा हा पहिला शब्द. अर्थ: आनंद करा.

इथे मला आपल्या भाषेची गंमत वाटते. मराठीत आनंद होतो, वाटतो, मिळतो. परीक्षेचा निकाल लागला, आनंद झाला. पाहुणे आले, आनंद वाटला. आनंद बाहेरून येणार, आपण नुसतं दार उघडं ठेवायचं. मराठी बायबलमध्ये मात्र 'आनंद करा' असं सरळ आज्ञार्थी क्रियापद येतं, जसं काम करा, स्वयंपाक करा. आनंद ही काय करायची गोष्ट आहे? आज्ञा देऊन आनंद होतो का कुणाला?

ही आज्ञा देणारा माणूस त्या वेळी कैदेत होता. संत पौलाने फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रातला हा शब्द आहे. अवघ्या चार अध्यायांचं पत्र. मूळ ग्रीकमध्ये आनंदाचे शब्द त्यात सोळा वेळा येतात. आपण जगणार की मरणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक नाही, तसं तो लिहितोही. त्याच्यासाठी मदत घेऊन आलेला एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आलाय. असल्या पत्रात माणूस तक्रार करील, निदान काळजी तरी. पौल पुन्हा पुन्हा आनंदावर येतो.

आणि फिलिप्पै हे गाव त्याला कसं माहीत होतं? तिथल्या तुरुंगामुळेही. प्रेषितांच्या कृत्यांत ती हकिगत आहे: पौल आणि सीला यांना फटके मारून, पाय खोड्यात अडकवून आतल्या कोठडीत टाकलं, आणि मध्यरात्री ते दोघे तिथे स्तोत्रं गात होते. बाकीचे कैदी ऐकत होते. मग भूकंप झाला, दारं उघडली. जीव द्यायला निघालेल्या तुरुंगाधिकाऱ्याला पौलाने हाक मारून थांबवलं. त्याच रात्री त्या अधिकाऱ्याने दोघांच्या जखमा धुतल्या आणि घरच्या सगळ्यांसह बाप्तिस्मा घेतला. पुढे काही वर्षांनी पौलाचं पत्र त्या मंडळीत मोठ्याने वाचलं गेलं असेल, तेव्हा तो माणूस श्रोत्यांत बसला असेल का? माझी ही कल्पनाच. पण असेल, तर 'आनंद करा' हे शब्द कुठून येताहेत ते त्याच्याइतकं कुणाला कळणार! ज्यांच्या जखमा त्याने धुतल्या, त्यांतलाच एक हे सांगत होता.

पौलाचा ग्रीक शब्द 'खायरेते', हे अनेकवचन. लूकच्या शुभवर्तमानात गाब्रिएल दूत मरियेकडे येतो तेव्हा त्याचा पहिला शब्द 'खायरे', त्याच क्रियापदाचं एकवचन. ग्रीकांचा हा रोजचा नमस्कार, आपल्या रामरामसारखा, पण शब्दशः अर्थ 'आनंद कर'. याच मुळातून 'खारिस', म्हणजे कृपा, हाही शब्द आला. आनंद आणि कृपा एकाच मुळावरची दोन पानं. नाझरेथच्या एका मुलीला उद्देशून निघालेला शब्द तुरुंगातल्या पौलापर्यंत पोचेतो सगळ्यांचा झालेला असतो.

आणखी एक तुरुंग आहे. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, तिच्यातल्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं. त्यातल्या पहिल्या वर्षी आनंदाच्या याच रविवारी योहान बाप्तिस्ता हेरोदाच्या कैदेतून येशूकडे निरोप पाठवतो: येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्या कुणाची वाट पाहायची? ज्याने आयुष्यभर त्याच्या येण्याची दवंडी पिटली, त्याला कोठडीत शंका आली. येशू रागावत नाही. आंधळे पाहताहेत, पांगळे चालताहेत, गरिबांना सुवार्ता मिळतेय, एवढं सांगून पाठवतो. योहानाची सुटका मात्र होत नाही. आनंदाच्या दिवशी हा उतारा ठेवणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं. त्यांनी शंकेला दाराबाहेर उभं केलं नाही.

बर्लिनच्या टेगेल तुरुंगात हे सगळं पुन्हा घडलं. नाझींनी डांबलेला पाद्री डीट्रिख बोनहोफर याने नोव्हेंबर १९४३ मध्ये तिथून मित्राला लिहिलं की आगमनकाळ कोठडीसारखा असतो: आत काहीबाही करत राहायचं, पण दार उघडणार ते बाहेरूनच. पुढल्या वर्षी, डिसेंबर १९४४ मध्ये, त्याच तुरुंगात येशूसंघी फादर आल्फ्रेड डेल्प बेड्या घातलेल्या हातांनी आगमनकाळातल्या रविवारांवर चिंतनं लिहीत होते. ते कागद चोरून बाहेर जात. तिसऱ्या रविवारचं चिंतन खऱ्या आनंदाविषयी आहे. २ फेब्रुवारी १९४५ रोजी त्यांना फाशी दिलं. वय ३७.

म्हणून मला वाटतं, हा आनंद करायचा म्हणजे मन रेटून हसायचं नाही. दार बाहेरून उघडणारा कुणीतरी निघालाय, यावर विश्वास टाकून बसायचं, आणि बसल्या जागी गायचं. होणारा आनंद परिस्थितीबरोबर येतो आणि तिच्याबरोबर जातो. करायचा आनंद त्या येणाऱ्याला धरून असतो, म्हणून तो कोठडीतही टिकला.

मराठीने हे वाट पाहणं फार आधी ओळखलं. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापलं गेलं. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा ग्रंथ, आणि त्याचं सबंध 'पैलें पुराण' येशूच्या जन्माआधीचं, तारणाऱ्याच्या प्रतीक्षेचं. पाळणा हलतो तो दुसऱ्या पुराणात.

आमच्याकडे गुलाबी मेणबत्ती लागली की आणखी एक काम असतं. नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यात हिरवळ हवी, म्हणून पसरट कुंडीत माती घालून नाचणी पेरायची. घटस्थापनेला धान्य पेरणाऱ्या शेजारीणबाई दर वर्षी डोकावून पाहतात आणि पाणी कमी घाला म्हणून बजावतात. मातीवर दाणे भुरभुरायचे, वर ओलं फडकं टाकायचं, कुंडी खिडकीशी ठेवायची. आज सकाळी पेरलं. आत्ता फडकं उचलून पाहिलं, तर नुसती काळी माती. मेणबत्ती अजून जळतेय. फडक्यावर मी पुन्हा पाणी शिंपडलं.