इंजिन उघडताना घट्ट बसलेली कनेक्टिंग रॉडची कॅप कशी काढावी?

खरिपाची मशागत सुरू होण्यापूर्वी, एप्रिल-मे महिन्यांत ट्रॅक्टर आणि पाणीउपसा डिझेल इंजिनांची मोठी कामे काढली जातात. हेड उतरते, ऑइल चेंबर खाली येते, नट सैल होतात. पण कनेक्टिंग रॉडची खालची कॅप जागची हलत नाही. अशा वेळी सांध्यात छिन्नी घालून ठोकले जाते आणि तिथेच नुकसान होते. रॉड आणि कॅप कारखान्यात एकत्र जोडून त्यांचे गोल छिद्र एकाच वेळी तासलेले असते. त्यामुळे कॅप खराब झाली, तर दुसऱ्या रॉडची कॅप लावून चालत नाही. बहुतेक वेळा पूर्ण रॉडच बदलावा लागतो. पेरणी तोंडावर असताना हा खर्च आणि खोळंबा दोन्ही परवडत नाहीत.

कॅप घट्ट का बसते?

- कॅप दर वेळी त्याच जागी बसावी म्हणून बोल्टचा जाड भाग, छोटी पिन किंवा नळीसारखी बुशिंग छिद्रात मुद्दाम घट्ट बसवलेली असते. हा दोष नाही.
- जुने ऑइल तापून सांध्यात डिंकासारखे चिकटते.
- आधीच्या कामात ठोकल्यामुळे सांध्याच्या कडेला टोक उठलेले असते.
- ऑइल कमी पडून बेअरिंग जळाले असेल, तर त्याचा धातू क्रँकपिनला चिकटतो.

पहिल्या तीन कारणांत संयमाने कॅप निघते. चौथ्या प्रकारात रॉड निळसर पडलेला दिसतो. असा रॉड तपासल्याशिवाय परत वापरू नये.

काढण्यापूर्वीची तयारी

१. प्रत्येक रॉड व कॅपवरील क्रमांक पाहावा. क्रमांक नसेल, तर सांध्याच्या दोन्ही बाजूंना, एकाच अंगाला, सिलिंडरचा क्रमांक रंगाने लिहावा. पुढची बाजू कोणती, याचीही खूण करावी.

२. लायनरच्या वरच्या कडेला जमलेला कार्बन खरवडून साफ करावा. नाहीतर पिस्टन वर ढकलताना रिंगा अडकतात.

३. ज्या सिलिंडरचे काम करायचे, त्याचा पिस्टन सर्वांत खाली आणावा. चार सिलिंडरच्या इंजिनात १ आणि ४ क्रमांकाचे पिस्टन एकाच वेळी खाली येतात; त्यांचे काम झाल्यावर क्रँक अर्धा फेरा फिरवला की २ आणि ३ खाली येतात.

४. सांधा आणि बोल्टवर थोडे डिझेल किंवा गंज सोडवणारे ऑइल टाकून काही वेळ थांबावे.

कॅप सैल करण्याची पद्धत

नट एकदम काढू नयेत. दोन्ही नट आळीपाळीने थोडे-थोडे सैल करावेत आणि नटाची कड बोल्टच्या टोकाशी समपातळीत येईल इतके ठेवावेत. मग तांब्याच्या, पितळी किंवा प्लॅस्टिकच्या हातोडीने दोन्ही बोल्टच्या टोकांवर आळीपाळीने हलके ठोके द्यावेत. बोल्टबरोबर रॉड वर सरकतो आणि कॅप क्रँकपिनवर अडून मागे राहते. सांध्यात केसाएवढी फट दिसली की अर्धे काम झाले. एकाच बाजूला ठोकत राहिल्यास कॅप तिरकी होऊन जास्तच अडकते.

काही इंजिनांत नट नसतात, बोल्ट खालून थेट रॉडमध्ये पिळलेले असतात. तिथे बोल्ट काही आटे सैल करावेत. पण पुरेसे आटे रॉडमध्ये राहू द्यावेत. त्यांच्या डोक्यावर तसेच हलके ठोके द्यावेत. पिन किंवा बुशिंगवर बसलेली कॅप तरीही निघाली नाही, तर बोल्ट पूर्ण काढून त्याच मापाचे दोन जुने बोल्ट फक्त कॅपच्या छिद्रांत घालावेत. दोन्ही हातांनी ते धरून कॅप किंचित मागे-पुढे हलवत सरळ खाली ओढावी.

सांध्यावर करवतीसारखे दाते असतील किंवा रॉड मुद्दाम तडकवून दोन भाग केलेला असेल, तर कॅपला बाजूने अजिबात ठोकू नये. अशा सांध्याचे दोन्ही भाग एकमेकांतच बसतात. एक दाता किंवा कण तुटला तरी पकड जाते.

हे टाळावे

- सांध्यात छिन्नी किंवा स्क्रू ड्रायव्हर घालणे. तिथे उठलेला ओरखडा कॅप पूर्ण बसू देत नाही.
- गॅसच्या ज्योतीने तापवणे. बेअरिंगचा मऊ धातू वितळतो आणि रॉडच्या पोलादाची ताकद कमी होते.
- बेअरिंगची ढिलाई घालवण्यासाठी कॅप कानशीने घासणे. छिद्र गोल राहत नाही आणि नवे बेअरिंगही लवकर जाते.

कॅप निघाल्यावर

रॉडमध्ये राहिलेल्या बोल्टच्या टोकांवर रबरी नळीचे तुकडे चढवावेत. पिस्टन वर ढकलताना आटे क्रँकपिनला घासले, तर पडलेला ओरखडा नवे बेअरिंग खातो. पिस्टन लाकडी दांड्याने वर ढकलावा. काही जुन्या एक सिलिंडरच्या इंजिनांत सांध्यात पातळ पत्र्याच्या शिम असतात. त्या कोणत्या बाजूच्या किती, हे लिहून ठेवावे. प्रत्येक कॅप, तिचे बेअरिंगचे दोन्ही शेल आणि नट-बोल्ट वेगळ्या डब्यात ठेवावेत.

परत जोडताना सांधा कोरड्या कापडाने स्वच्छ पुसावा, शेलच्या आतील बाजूस ऑइल लावावे आणि खुणा जुळवाव्यात. शेल अडकवण्याच्या खाचा बहुतेक इंजिनांत एकाच बाजूला येतात. नट-बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या मापाने, टॉर्क रेंच वापरून दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. कंपनीने नवे बोल्ट वापरायला सांगितले असेल, तर जुने वापरू नयेत. प्रत्येक कॅप आवळल्यावर क्रँक एकदा फिरवून पाहावा. अचानक जड झाला, तर शेवटची कॅप लगेच उघडावी: ती उलटी किंवा दुसऱ्या रॉडची असू शकते, किंवा शेलखाली कचरा राहिलेला असतो. ही तपासणी मिनिटाभराची आहे, पण ती चुकली तर ऐन हंगामात पुन्हा तेच इंजिन उघडावे लागते.