फोनचा १ वर, कॅल्क्युलेटरचा १ खाली!

मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडा. आकड्यांची वरची ओळ ७, ८, ९. आता फोन लावायची बटणे पाहा. तेथे वर १, २, ३! एकाच यंत्रात ही उलटापालट कशी?

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेला तबकडीऐवजी बटणांचा फोन घडवायचा होता. बेरजेच्या यंत्रांवर ७-८-९ वर ठेवण्याची पद्धत रुळलेली होतीच. तीच उचलली असती तर कोणी नावे ठेवली नसती. पण आर. एल. डाइनिंजर यांनी तिच्याबरोबर डझनभराहून अधिक मांडण्या तपासल्या. तबकडीसारखी गोल, पाच-पाच बटणांच्या दोन ओळी, असे नाना प्रकार! माणसांकडून नंबर दाबून घेतले. वेळ व चुका मोजल्या, आवडही विचारली. १९६० साली निष्कर्ष छापले गेले. गंमत म्हणजे चांगल्या मांडण्यांत फरक थोडाच निघाला. निवड झाली ती १-२-३ वर असलेल्या मांडणीची. पुढे १९६८ मध्ये ब्रिटनमधील कॉनरॅड आणि हल यांनी नवख्या माणसांवर प्रयोग केला, तेव्हा याच मांडणीवर चुका कमी झाल्या.

अ‍ॅप घडवणारे आज स्पर्धकांची अ‍ॅप अशीच शेजारी ठेवून तपासतात. त्याला ते ‘कॉम्पिटिटिव्ह ऑडिट’ म्हणतात.

तुम्हीही करून पाहा. एकच दहा आकडी नंबर आजीला आधी फोनवर, मग कॅल्क्युलेटरवर दाबायला सांगा. भावाला मात्र उलट क्रमाने द्या. नाहीतर सरावाचा फायदा नेहमी दुसऱ्यालाच मिळेल!