मुरमाची वाट कोणाची?

जानेवारी 2026 मध्ये पुणे जिल्ह्यात 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. सुमारे 437 किलोमीटरांच्या या शर्यतीच्या निमित्ताने जिल्ह्यातील डोंगराळ भागांतल्या अनेक रस्त्यांवर नवे डांबर पडले. शर्यतीच्या सायकलीचे चाक जेमतेम अंगठ्याएवढे रुंद असते. त्याला खड्डा सोसत नाही आणि खडीही सोसत नाही. तेव्हा कारण काहीही असो, रस्ते सुधारले याबद्दल कोणी तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु सायकलस्वारांचा आणखी एक वर्ग अलीकडे सह्याद्रीच्या खोऱ्यांतून हिंडताना दिसू लागला आहे आणि त्याची अपेक्षा नेमकी उलट आहे. डांबर जेथे संपते, तेथे त्याची सहल सुरू होते.

या सायकलीला 'ग्रॅव्हल बाईक' म्हणतात. तिचे हँडल शर्यतीच्या सायकलीप्रमाणे खाली वळलेले असते. मात्र टायर 40 मिलिमीटरच्या आसपास रुंद आणि गिअर चढ सोपा करणारे असतात. मुरूम, खडी, बैलगाडीची चाकोरी यांवरून ती निर्धास्त जाते. असे स्वार भोर तालुक्यातील आंबवड्याकडे वळावेत यात नवल नाही. भोरहून रायरेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे गाव. नागेश्वराचे मंदिर, संस्थानी काळाची आठवण देणारा झुलता पूल आणि स्वराज्याच्या उभारणीत शिवाजी महाराजांच्या पाठीशी उभे राहिलेले कान्होजी जेधे यांची समाधी ही येथील स्थाने. पुढे टिटेघर, कोर्ले ही गावे आणि वर केंजळगड व रायरेश्वराचे पठार. मुख्य रस्ता डांबरी आहे. पण त्याला ठिकठिकाणी फुटणाऱ्या, वाड्यांकडे आणि शिवारात जाणाऱ्या वाटा अजून पुष्कळशा मुरमाच्याच आहेत. पाऊस सरून गवत पिवळे पडू लागले की या वाटांवर सायकल चालविण्यासारखे सुख नाही, हे मान्य करावयास हवे.

प्रश्न या सुखाचा नाही. त्याची किंमत कोण मोजतो, हा आहे. शहरातून आलेल्या पाहुण्याला जी वाट 'अस्पर्श' वाटते, ती पुष्कळदा केवळ राहून गेलेली असते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना डिसेंबर 2000 मध्ये सुरू झाली, तेव्हा सपाट प्रदेशात 500 लोकवस्तीची मर्यादा ठेवण्यात आली. सह्याद्रीच्या कुशीतील वाड्या मुळातच लहान आणि विखुरलेल्या. लोकसंख्येच्या अशा फूटपट्टीत त्यांचा क्रम मागे लागतो. पावसाळ्यात बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे, सकाळचे दूध वेळेवर डेअरीत पोहोचवायचे, मुलीने शाळेसाठी एस. टी. गाठायची, या प्रत्येक वेळी कच्च्या वाटेचा कर वाडीतला माणूस भरत असतो. त्याने डांबराची मागणी केली, तर त्याला सौंदर्यदृष्टी नाही असे म्हणणे उद्धटपणाचे होईल.

शिवाय या खडीला स्वतःचा इतिहास आहे. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लक्षावधी स्त्री-पुरुषांनी खडी फोडून दिवस काढले. त्या अनुभवातूनच रोजगार हमीचा 1977 चा कायदा घडला. राज्यातील कितीतरी कच्चे रस्ते अशा हातांनी झाले आहेत. आज जो पृष्ठभाग हौसेचा विषय बनला आहे, तो एका पिढीने पोटासाठी अंथरलेला आहे.

कच्चे रस्ते राखण्याच्या बाजूने इटलीचे उदाहरण हटकून दिले जाते. तस्कनी प्रांतात चुनखडीच्या पांढऱ्या रस्त्यांचे जाळे आहे. हे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत या हेतूने 1997 मध्ये गायोले गावी 'लेरोइका' ही जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली. 2007 पासून त्याच मुलखात व्यावसायिक शर्यतही होते आणि ते पांढरे रस्ते आता तेथील लोकांना उत्पन्न देतात. उदाहरण चांगले आहे. पण त्यातील एक बाब सहसा सांगितली जात नाही. मुख्य पक्के रस्ते आधीच असलेल्या संपन्न प्रदेशाने आपले दुय्यम रस्ते राखले. गरज भागल्यानंतरची ती निवड होती. गरज भागण्यापूर्वी कोणी तीच निवड भोरच्या वाडीवर लादू लागले, तर तो वारसा ठरत नाही, वंचना ठरते.

मग सायकलस्वार आणि गावकरी यांचे हित परस्परविरोधीच आहे काय? वास्तविक तसे नाही. स्वाराला गावाचा मुख्य रस्ता कच्चा असण्याची मुळीच गरज नाही. त्याला हव्या आहेत त्या शिवारातून, ओढ्याकाठाने, एका गावाहून दुसऱ्या गावाला जोडणाऱ्या पाणंदी. आणि त्याच वाटा शेतकऱ्यालाही हव्या आहेत. बी-बियाणे, खत, कापलेले भात यांची ने-आण तेथूनच होते. या दोघांचा खरा प्रतिस्पर्धी डांबर नसून कुंपण आहे. पुण्यापासून तासा-दोन तासांच्या अंतरावरील डोंगरउतार तुकड्यातुकड्यांनी विकले जाऊ लागले की पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटेवर एके दिवशी तारा ओढल्या जातात आणि लोखंडी फाटक उभे राहते. गुरे वळसा घालतात, शेतकरी वळसा घालतो आणि सायकलस्वार परत फिरतो.

याविरुद्ध कायदा अगदीच मुका नाही. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 अन्वये वहिवाटीच्या रस्त्यातील अडथळा दूर करण्याचा अधिकार तहसीलदारास आहे. जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 अन्वये बांधावरून रस्ता देता येतो. 2021 मध्ये राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजनाही आखली. उणीव आहे ती पाठपुराव्याची. एकट्या शेतकऱ्याला धनवान शेजाऱ्याविरुद्ध तहसील कचेरीत खेटे घालणे परवडत नाही. येथे शहरातील सुशिक्षित, वजनदार सायकलस्वार खरोखर उपयोगी पडू शकतो. ग्रामपंचायतीला गावच्या वाटांची नोंद करून देणे, त्या गावनकाशाशी ताडून पाहणे, बंद झालेल्या वाटेबद्दल गावाबरोबर अर्ज करणे, हे त्याला सहज करता येईल.

दुसरे काम देखभालीचे. मुरमाच्या वाटेचा शत्रू चाक नव्हे, पाणी आहे. दोन्ही बाजूंची गटारे आणि मोऱ्या पावसाआधी मोकळ्या केल्या, पावसानंतर वाहून गेलेल्या जागी मुरूम टाकून दाबला, तर ती वाट वर्षभर टिकते. खर्च थोडा, पण दरवर्षीचा. आणि आपल्या योजनांना नवे काम आवडते, जुने सांभाळणे आवडत नाही. सायकलस्वारांचे गट आपली न्याहारी पुण्याहून बांधून आणतात आणि संध्याकाळी परततात. गावाच्या पदरी त्यांच्याकडून काहीच पडत नाही. त्यांनी जेवण गावात घ्यावे, मुक्काम गावात करावा आणि ज्या वाटा ते वापरतात त्यांच्या डागडुजीसाठी ग्रामपंचायतीकडे काही रक्कम जमा करावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. यातून गावाचे अर्थकारण पालटेल असे समजणे भाबडेपणाचे होईल. परंतु मोऱ्या साफ करण्याइतके तरी साधेल.

थोडक्यात, क्रम स्पष्ट असावा. प्रत्येक वाडीला बारमाही पक्का रस्ता हा पहिला हक्क. पाणंदी खुल्या आणि चालत्या ठेवणे हे दुसरे कर्तव्य. पर्यटकाची हौस त्यानंतरची. हा क्रम पाळला, तर आंबवड्याच्या शिवारातील मुरमाच्या वाटा सायकलीलाही मोकळ्या राहतील. तो उलटा केला, तर गावकरी त्या वाटांकडे परक्यांची चैन म्हणून पाहू लागेल आणि उद्या त्यांवर कुंपण पडेल तेव्हा ते हटविण्यासाठी कोणीही पुढे येणार नाही.