पडदा झिजतो, पाणी मात्र स्वच्छच दिसते

वस्तीत आरोग्याची बैठक घेतली की आयाबहिणी आम्हाला हमखास सांगतात, "ताई, आमचं पाणी मशीनचं आहे, काळजी नाही." पण मशीनमधला पडदा झिजतो, हे फार कमी जणांना ठाऊक असते.

सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरतात तिथे ते बारीक पडद्यांतून गाळतात. सिंगापूरमध्ये २००३ पासून असे पाणी कारखान्यांना दिले जाते, काही प्रमाणात पिण्याच्या जलाशयांतही सोडले जाते. नाक्यावरच्या आरओ मशीनमध्येही त्याच जातीचा पडदा असतो.

अशा प्रकल्पात पहिला पडदा गाळ आणि जंतू अडवतो. त्यावर चिकट थर साचतो, म्हणून तो सोडियम हायपोक्लोराइटने धुतात. दवाखान्यात फरशी पुसायला आम्ही वापरतो तेच हे औषध. ते घाणीबरोबर पडद्यालाही थोडे थोडे खाते. पडदा ठिसूळ होतो, छिद्रे रुंदावतात.

दुसरा, आरओचा पडदा क्षार अडवतो. त्याचा कामाचा थर केसाच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असतो. पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन असेल, तर साधारण २०० ते १,००० तासांत तो बिघडू लागतो. म्हणून आधी क्लोरीन शोषणारा कार्बन फिल्टर बसवतात.

फसगत इथेच होते. तुंबलेल्या पडद्यातून पाणी कमी येते, झिजलेल्यातून उलट जास्त येते. धार वाढली म्हणून खूश होऊ नका.

यात दोष क्लोरीनचा नाही. नळाच्या पाण्यात ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवेच, तेच आपल्याला जुलाब-काविळीपासून वाचवते. आरओच्या पाण्यात ते उरत नाही, म्हणून उघड्या कॅनमध्ये जंतू लवकर वाढतात.

मग काय करावे?

• कार्बन फिल्टर आणि पडदा कधी बदलला, ते मशीनवाल्याला विचारा. तारीख मशीनवर लिहायला लावा.
• आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस मोजायला लावा. फरक कमी होत गेला, तर पडदा झिजला समजा.
• टीडीएस जंतू दाखवत नाही. त्यासाठी जंतूंची वेगळी तपासणी मागा.
• शंका असेल तर पाणी खळखळून उकळा, झाकून ठेवा, ओगराळ्याने घ्या.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तो लढा माणूस म्हणून समान हक्काचा होता. आज पैसे मोजून घेतलेले पाणी खरोखर शुद्ध आहे का, हे विचारणे हाही आपला हक्कच आहे.