‘सर्व कामे येतात’ म्हणजे नेमके काय?

सावेडीतून मनमाड रस्त्याने निघाले की नागापूरची औद्योगिक वसाहत लागते. नगरच्या कितीतरी घरांची चूल या वसाहतीवर पेटते. तिथे नोकरी मागायला जाणाऱ्याच्या अर्जात एक वाक्य हमखास असते : ‘वेल्डर, अनुभव आठ वर्षे, सर्व कामे येतात.’ आठ वर्षे खिडक्यांच्या ग्रिल जोडणारा हेच लिहितो आणि आठ वर्षे बॉयलरच्या नळ्या जोडणाराही हेच लिहितो. मग दोघांना एकच पगार सांगितला जातो, आणि तो अर्थातच कमी असतो!

गंमत म्हणजे वेल्डिंगच्या धंद्यातच यावर फार पूर्वी तोड निघाली आहे. ‘३जी’ म्हणजे उभ्या पत्र्याचा जोड, ‘४जी’ म्हणजे डोक्यावरचा, तर ‘६जी’ म्हणजे ४५ अंशांत तिरकी, जागची न हलणारी नळी जोडणे. चाचणीचा जोड वाकवून किंवा क्ष-किरणांनी तपासतात. शिवाय अमेरिकेतल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेचा नियम असा, की त्या पद्धतीचे वेल्डिंग सहा महिने केलेच नाही, तर पात्रता संपते. म्हणजे काय येते, कोणी तपासले आणि शेवटचे कधी केले, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एका कागदावर मिळतात.

इतर कामांसाठीही सरकारने २०१३ साली राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आणला. त्यात आधी १० पायऱ्या होत्या, २०२३ मध्ये त्या ८ झाल्या. पायरी ठरते ती माणूस काय करू शकतो आणि किती जबाबदारी पेलतो यावर. किती वर्षे वर्गात बसला यावर नव्हे. गॅरेजमध्ये उस्तादाच्या हाताखाली शिकलेल्यांचे काय? त्यांच्यासाठी २०१५ च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, हातात असलेली कला तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय केली गेली.

प्रमाणपत्राने सगळे प्रश्न सुटतात असे मात्र नाही. पायरीचा आकडा मालकाला कळला नाही, तर तो भिंतीवरच्या फ्रेमपुरताच उरतो. आणि सगळ्यांना एकाच साच्यात बसवताना एखाद्याचा खास हात दिसेनासा होण्याची भीतीही आहेच.

म्हणून निदान आपल्या घरापासून सुरुवात करावी. मुलीने अर्जात ‘संगणकाचे ज्ञान आहे’ असे लिहिले असेल, तर तिला विचारावे : टॅलीत जीएसटीचे विवरण तयार करता येते का? कोणाच्या हाताखाली केले? शेवटचे कधी? ही उत्तरे तिने तशीच लिहावीत. जे येत नाही ते गाळावे. फुशारकी मारणाऱ्याला हे जड जाईल. पण ज्याला खरोखर येते आणि संकोचाने सांगता येत नाही, त्याची बाजू असा अर्जच मांडेल.