माती नसलेलं शंकुपात्र

वऱ्हाडातली काळी माती मुठीत घेतली की वाटतं, केवढी कसदार! एवढा काळा रंग म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचं शेणखत, कुजलेला पालापाचोळा आत मुरलेला असणारच. पण माती परीक्षणाचा अहवाल हातात पडतो तेव्हा सेंद्रिय कर्ब बहुतेकदा एक टक्काही भरत नाही. तो काळेपणा येतो बेसॉल्ट खडकातून उतरलेल्या लोह-टायटॅनियमच्या खनिजांतून आणि चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून बसलेल्या थोड्याशा ह्युमसमधून. नुसत्या डोळ्यांनी हे कधीच कळलं नसतं.

कळतं ते प्रयोगशाळेत. अकोल्याला १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, त्यामुळे माती तपासणं आपल्याकडे नवलाईचं राहिलेलं नाही. तरी आत काय चालतं ते पाहिलं की मी दर वेळी थक्क होतो.

सुरुवात वावरातच होते. दहा-बारा ठिकाणची माती घ्यायची; धुऱ्याजवळची, झाडाखालची, उकिरड्याजवळची नको. सगळी एकत्र करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेली पुन्हा मिसळायची. असं करत अर्धा किलो उरते. सावलीत वाळवून, चाळून त्यातली जेमतेम एक ग्रॅम शंकुपात्रात जाते. अख्ख्या वावराच्या वतीनं आता ती चिमूटभर माती बोलणार!

तिच्यावर पोटॅशियम डायक्रोमेटचं नारिंगी द्रावण पडतं, मग तीव्र सल्फ्युरिक आम्ल. विस्तव नसताना पात्र चटका बसेल इतकं तापतं. अर्धा तास तसंच ठेवतात. तेवढ्यात डायक्रोमेट मातीतला कर्ब जाळून टाकतं आणि स्वतः खर्च होतं. मग पाणी, फॉस्फरिक आम्ल आणि डायफिनिलअमाइनचे काही थेंब घातले की द्रावण जांभळट निळं होतं. वरच्या ब्युरेटमधून फेरस अमोनियम सल्फेट थेंबथेंब सोडायचं. निळं, निळं, अजून निळंच... आणि एका थेंबाला सगळं पात्र लख्ख हिरवं! ही रीत वॉकली आणि ब्लॅक यांनी १९३४ साली मांडली.

गंमत अशी की यात कर्ब थेट मोजलाच जात नाही. मोजतात ते उरलेलं डायक्रोमेट. पंगत उठल्यावर किती लाडू उरले यावरून किती खाल्ले ते काढावं, तसं. पण त्यासाठी मुळात किती होते हे ठाऊक हवं. म्हणून बाजूला दुसरं शंकुपात्र असतं. तीच द्रावणं, तेवढाच वेळ, फक्त माती नाही. त्याला ‘ब्लँक’ म्हणतात. मला प्रयोगशाळेतली सगळ्यात सुंदर वस्तू हीच वाटते. महागडं यंत्र नसलं तरी चालेल; एका गोष्टीचाच फरक असलेली दोन भांडी शेजारी हवीत.

अशी दोन भांडी घरीही मांडता येतात. पूर्णेच्या खोऱ्यात दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट या बाजूला खारपाण पट्टा आहे. तिथल्या जमिनीखालचं पाणी खारट, आणि अनेक वावरांत सोडियम चिकणमातीच्या कणांना चिकटलेलं. दोन पेल्यांत पावसाचं पाणी घ्या. एकात चांगल्या निचऱ्याच्या वावरातला वाळलेला मातीचा खडा अलगद सोडा, दुसऱ्यात अशा सोडियम चिकटलेल्या, म्हणजे चोपण, जमिनीतला. हलवू नका. पहिला फुटून तळाशी बसेल, पण वरचं पाणी बरंचसं नितळ राहील. दुसऱ्याभोवती मात्र हळूहळू गढूळ ढग पसरेल. सोडियममुळे मातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत, सुटे होऊन तरंगतात. वावरात हेच सुटे कण छिद्रं बुजवतात. म्हणून तिथं पाऊस पडून गेल्यावर पाणी मुरत नाही, साचतं, आणि माती वाळली की दगडासारखी होते.

आता तिसरा पेला. त्यात तेवढंच पाणी, त्याच चोपण वावरातला तेवढाच खडा. फक्त पाण्यात आधी चिमूटभर जिप्सम ढवळून घ्या. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि कण पुन्हा एकमेकांना बिलगतात. रात्रभर तिन्ही पेले खिडकीत राहू द्या. सकाळी मधला अजून गढूळ असेल, आणि तिसऱ्यातून पलीकडचं दिसू लागलेलं असेल.