दिनचर्येतील पाव हिस्सा

व्यायामाचे महत्त्व सांगणारा लेख वाचून कोणी व्यायाम करू लागल्याचे आमच्या पाहण्यात नाही. तीस वर्षे शाळेत मुलांस आरोग्याचे धडे आम्ही स्वतः शिकविले आणि धडा संपताच खुर्चीत बसून वह्या तपाशीत राहिलो. म्हणून प्रस्तुत लेखात ते महत्त्व पुन्हा सांगण्याचा खटाटोप आम्ही करणार नाही. ते सर्वांस पटलेलेच आहे. पटलेली गोष्ट अंगवळणी कशी पडावी, हा खरा प्रश्न होय. त्याचे जे उत्तर आम्हांस उशिरा का होईना सापडले, ते वाचकांपुढे ठेवावे एवढाच हेतू.

दोन वर्षांपूर्वीच्या पितृपंधरवड्यातील गोष्ट. तीर्थरूपांचे श्राद्ध होते. आमच्या घरी एरवी जेवणे टेबलावर होतात. श्राद्धपक्षास मात्र पाट मांडले जातात. वडे, खीर, आमसुलाची चटणी असे साग्रसंगीत जेवण झाले, आणि हात धुण्यास उठू लागलो तो उठवेना. एकदा डावा हात टेकला, एकदा उजवा. गुडघे काही केल्या ऐकेनात. शेवटी पुतण्याने काखेत हात घालून आम्हांस उभे केले. आमचा आठ वर्षांचा नातू हे सर्व पाहत होता. तो म्हणाला, “आजोबा, तुमच्या पाटाला कोणी गोंद लावला होता का?”

सर्व मंडळी हसली. आम्हीही हसलो. परंतु हसणे ओसरल्यावर आमचे थोरले बंधू डोळ्यांपुढे उभे राहिले. न्हाणीघरात पाय घसरून ते पडले व खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया यथास्थित झाली, पण पायांत बळ म्हणून पुन्हा आले नाही. अखेरची तीन वर्षे त्यांस बिछान्यातून उठविण्यास दोन माणसे लागत. अपघात एका क्षणाचा होता; शक्ती मात्र त्यापूर्वी कित्येक वर्षे हळूहळू जात होती. ती जात असल्याचे कोणाच्याच लक्षात आले नाही, कारण त्यांच्यावर जमिनीवर बसण्याचा प्रसंगच येत नसे. पाटाने आम्हांस जे एका जेवणात सांगितले, ते खुर्चीने त्यांस कधीच सांगितले नव्हते.

ब्राझील देशातील काही वैद्यांनी या साध्या उठण्याबसण्याची रीतसर परीक्षा घेतली आहे. एक्कावन्न ते ऐंशी वर्षांच्या दोन हजारांवर स्त्रीपुरुषांस जमिनीवर बसून उठावयास सांगितले, आणि हात अथवा गुडघा टेकावा लागला की दहांपैकी एक गुण वजा केला. पुढे काही वर्षे या मंडळींवर लक्ष ठेवले असता कमी गुणांच्या मंडळींत मृत्यूचे प्रमाण बरेच अधिक आढळले. हा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. उठता येणे हा काही दीर्घायुष्याचा मंत्र नव्हे. पायांचे बळ, सांध्यांचा लवचिकपणा व अंगाचा तोल किती शिल्लक आहे, याची ती खूण आहे. आमच्या हिशेबाने आम्ही त्या परीक्षेत सपशेल नापास झालो असतो.

उत्साहाचे प्रायश्चित्त

नापास विद्यार्थी जे करितो तेच आम्ही केले. एका रात्रीत सर्व अभ्यास उरकावयास निघालो. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता उठून चोवीस सूर्यनमस्कार घातले. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांचे उदाहरण मनात होते. त्यांनी स्वतः नमस्कार घातलेच. शिवाय आपल्या संस्थानातील शाळांतून ते सुरू केले, स्त्रियांनीही घालावेत म्हणून आग्रह धरिला, आणि १९३८ साली त्यांच्या पद्धतीवरील इंग्रजी पुस्तक थेट लंडनमध्ये निघाले. मात्र पंतांची साधना वर्षानुवर्षांची होती व आमची एका रात्रीची, एवढा फरक आम्ही विसरलो. पाचव्या दिवशी कंबर धरली. डॉक्टरांनी दहा दिवस विश्रांती सांगितली, आणि आमचा व्यायाम ज्या खुर्चीतून निघाला होता त्याच खुर्चीत परत येऊन बसला.

त्या सक्तीच्या विश्रांतीत चरकसंहिता चाळण्यास घेतली. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात व्यायामाचा विचार आहे. आणि तेथेच, थोडे पुढे, सवयी बदलाव्यात कशा याचाही विचार आहे. हा भाग आम्ही पूर्वी वाचला होता, पण तेव्हा तो आमच्यासाठी लिहिला आहे असे वाटले नव्हते. चरकाचे म्हणणे असे की, अंगी मुरलेली अहितकर गोष्टसुद्धा एकदम टाकू नये व हितकर गोष्टही एकदम पुरती धरू नये. अहिताचा चौथा हिस्सा सोडावा, हिताचा तेवढाच हिस्सा घ्यावा. मग मध्ये एक, दोन, तीन दिवस असे वाढते अंतर ठेवीत पुढची पायरी चढावी. यास तो पादांशिक क्रम म्हणतो. पाद म्हणजे पाव. असे सावकाश मिळविलेले गुण टिकतात व असे सावकाश टाकिलेले दोष पुन्हा डोके वर काढीत नाहीत, हा त्याचा अभिप्राय.

आम्ही हा क्रम जसाच्या तसा न घेता त्यातील तत्त्व घेतले, आणि दिवसांऐवजी पंधरवडे मोजले.

चार मजल्यांचा हिशेब

जुन्या वाड्याच्या जागी आता आमची इमारत झाली आहे व आमचे बिऱ्हाड चौथ्या मजल्यावर आहे. लिफ्ट आल्यापासून जिन्याशी आमचा संबंध वीज गेली तरच येई. पहिल्या पंधरवड्यात आम्ही पहिला मजला जिन्याने चढलो व तेथून लिफ्टमध्ये बसलो. दुसऱ्या पंधरवड्यात दोन मजले. असे करीत दोन महिन्यांत चारही मजले पायांखाली आले. दम लागला की मधल्या चौकात थांबावयाचे, त्यात लाज मानावयाची नाही, एवढा नियम ठेविला.

नमस्कारांचेही तेच. बाराचा पाव हिस्सा तीन. तीन नमस्कार हे इतके थोडे वाटतात की, आज वेळ नाही असे स्वतःस सांगण्याचीही सोय राहत नाही. रात्रीचे जेवण टेबलाऐवजी पाटावर सुरू केले; प्रथम शेजारी चौरंग ठेवून त्याच्या आधाराने उठत असू. जेवणानंतर शतपावली केली, आणि तीही खरोखरीची, गॅलरीत मोजून. शंभर पावलांनी काय होते, असे कोणी म्हणेल. परंतु जेवणानंतर थोडे चालल्याने रक्तातील साखरेची चढती कमान खाली राहते, हे आता प्रयोगांनी सिद्ध झाले आहे.

यांतील एकाही गोष्टीस वेगळा वेळ काढावा लागला नाही, इकडे वाचकांचे लक्ष आम्ही मुद्दाम वेधतो. जेवण, बाहेरून घरी येणे, स्नानापूर्वीची पाच मिनिटे या दिनचर्येतील ठरलेल्या खुंट्या आहेत. नवी सवय अशा खुंटीस टांगली तर टिकते. अधांतरी ठेवली तर पडते.

जिन्याची थोरवी प्रथम दाखवून दिली ती लंडनच्या बसगाड्यांनी. तेथील डॉक्टर जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दुमजली बसवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चालक दिवसभर बसून असे. वाहक तिकिटे देत जिना चढे-उतरे. पगार व वस्ती यांत फारसा फरक नसता वाहकांस हृदयविकार कमी होई व झाला तरी उशिरा होई. पुढे १९५६ मध्ये मॉरिस यांनीच गणवेशांची मापे तपासून असेही दाखविले की, चालक मुळातच कमरेने अधिक रुंद होते. आपल्याच सिद्धांतावर असा आक्षेप घेणारा संशोधक विरळा. त्यानंतर इतर व्यवसायांतील लोकांचा अभ्यास करूनही व्यायामाचा लाभ त्यांस दिसलाच. ते स्वतः नव्व्याण्णव वर्षे जगले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सल्ल्याप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्यास दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रम करावेत व दोन दिवस तरी स्नायूंस बळ देणारा व्यायाम करावा. पासष्टीपुढील मंडळींनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचा अभ्यासही करावा. पूर्वी एक अट असे की, श्रम सलग दहा मिनिटे झाले तरच जमेस धरावे. ती अट आता काढून टाकिली आहे. म्हणजे आमचा एक मजलाही जमेच्या बाजूस आला.

घरातील अर्धी माणसे

इतके झाल्यावर आम्ही घरातील इतरांस उपदेश करू लागलो. एके दिवशी सौभाग्यवतीस म्हणालो, “तुम्हीही सकाळी थोडे नमस्कार घालीत जा.” ती भाजी निवडीत होती. मान वर न करिता म्हणाली, “अहो, तुमचे नमस्कार सुरू होतात तेव्हा माझा गॅस पेटलेला असतो. तो विझेल तेव्हा सांगा.”

यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. जुन्या काळी रहाट, जाते, उखळ व पाटा-वरवंटा यांमुळे बायकांस वेगळ्या व्यायामाची गरज नव्हती, असे आपण पुरुष मोठ्या कौतुकाने बोलतो. आमच्या आईने पहाटे दळण दळले होते. साठीत तिची कंबर वाकली ती सरळ झाली नाही. ती जाती गेली याचे दुःख मानण्याचे कारण नाही. चरक व्यायामाचे लक्षण सांगतो, त्यात ती हालचाल इष्ट असावी, स्थैर्य व बळ देणारी असावी आणि बेताने करावी, असे आहे. दुसऱ्याच्या घड्याळाप्रमाणे, थकलेल्या अंगाने, तीच तीच कामे ओढणे यात इष्ट काय आहे? कामाने दमणे निराळे व व्यायामाने बळ येणे निराळे. सूनबाई तर घरचे उरकून बँकेत आठ तास बसते. तिच्या वाट्यास दोन्हींकडचे तोटे येतात.

तेव्हा दिनचर्येतील दुसरा पाव हिस्सा बदलला तो स्वयंपाकघरात. सकाळचा चहा, दूध तापविणे व मुलांचे डबे भरणे ही कामे आम्ही, धाकटे बंधू व पुतण्या यांनी वाटून घेतली. पहिल्या आठवड्यात दोन वेळा दूध उतू गेले. सूनबाई दारातून म्हणाली, “बाबा, राहू द्या, मी करते.” परंतु सौभाग्यवतीने तिला हात धरून बाहेर नेले. आता दोघी सकाळी अर्धा तास टेकडीच्या पायथ्यापर्यंत फिरून येतात. सौभाग्यवतीची रात्रीची झोप सुधारली आहे. आणि सासूसुनेची जी बोलणी घरात कधी झाली नसती ती वाटेवर होतात, असे आम्हांस कळते. काय बोलणी, ते कळत नाही.

संयुक्त कुटुंबाचे बळ आम्ही नेहमी सणावारी मोजतो. ते रोजच्या अर्ध्या तासातही मोजावे. घरातील एक माणूस व्यायामास जातो तेव्हा त्याचे काम कोणीतरी उचललेले असते. ती उचल आळीपाळीने झाली तरच व्यायाम घराचा झाला म्हणावयाचा.

काही सावधगिरी

सुश्रुताने व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा असे सांगून त्याची खूणही दिली आहे: हृदयातील वायू मुखाशी येऊ लागला, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागला, की अर्धे बळ खर्च झाले असे समजावे. आजचे डॉक्टर सांगतात की, मध्यम श्रमात बोलता यावे पण गाता येऊ नये. दोन खुणा फार दूरच्या नाहीत. छातीत कळ, घेरी किंवा वाजवीपेक्षा अधिक धाप लागल्यास तत्काळ थांबावे व डॉक्टरांस दाखवावे. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा विकार असल्यास आरंभच त्यांच्या सल्ल्याने करावा. ज्यांचे गुडघे झिजले आहेत त्यांनी पाटाचा हट्ट धरू नये. खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठणे-बसणे हाही त्यांचा पाव हिस्साच होय. तोल सांभाळण्यासाठी एका पायावर उभे राहावयाचे ते ओट्यास किंवा भिंतीस हात पोहोचेल अशा जागीच. चहास उकळी येईपर्यंत आम्ही तोच अभ्यास करितो.

आपल्या घरांतून चातुर्मासाचे नेम धरण्याची चाल आहे. कोणी कांदालसूण सोडतो, कोणी एकभुक्त राहतो. चार महिने हा काळ सवय मुरण्यास पुरेसा आहे, हे आपल्या पूर्वजांनी जाणले असावे. येत्या चातुर्मासात घरातील प्रत्येकाने एक, आणि एकच, पाव हिस्सा निवडावा, व दुसऱ्याच्या पाव हिश्शास वेळ मिळेल एवढे एक काम आपणांवर घ्यावे. याहून मोठा संकल्प आम्ही सुचवीत नाही.

गेल्या पितृपंधरवड्यात पुन्हा पाट मांडले गेले. जेवण झाल्यावर पुतण्या सवयीने जवळ येऊन उभा राहिला. आम्ही उजवा हात गुडघ्यावर ठेविला आणि उठलो. ब्राझीलच्या परीक्षकांनी एखादा गुण कापला असता. नातवाने मात्र वाकून पाट उलटा करून पाहिला व जाहीर केले, “गोंद निघाला.”